वाटेतली चाळीस पोती

दोन हजार तेवीस साल, वैशाख महिना. वडवणीच्या आमच्या पेंडीच्या गोदामात तेव्हा नवा कॉम्प्युटर आला आणि दसऱ्यापर्यंत किश्श्यांना खंड पडला नाही. पेंडीचा भुसा कितीही झाडा, कोपऱ्यात साठतोच. हे किस्सेही तसेच साठले. आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

मी सातवी शिकलेला. गोदाम सांभाळता सांभाळता केस पिकले. हातून एक पोतं इकडचं तिकडं झालेलं नाही. हे आधी सांगून ठेवतो.

मालकांची गोदामं तीन. वडवणीचं माझ्याकडं, तेलगावचं रंगनाथकडं, मोठं मांजरसुंब्याला. तिन्हीकडं तीन कॉम्प्युटर, तिघांच्या तीन तऱ्हा. मालकांचा मुलगा विश्वनाथ पुण्याला शिकून आला. त्यानं प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. कोणत्या गोदामाला कधी किती माल पाठवायचा, हे म्हणे आता ते ठरवणार! पण त्यासाठी तिन्ही गोदामांचा साचा एक पाहिजे. एका मालाला एक नाव, एक माप. हे काम करायला केतकी नावाची पोरगी आली. ती त्याला डेटा मॉडेल म्हणायची.

विश्वनाथनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाना, दसऱ्याला मोजणी. कॉम्प्युटरातला माल आणि जमिनीवरचा माल जुळला नाही, तर वडवणीचं गोदाम बंद. मांजरसुंब्याहून थेट माल देऊ."

हमालांचा मुकादम रमजान बाजूलाच उभा होता. त्याच्या हाताखालच्या हमालांची पाच घरं ह्याच गोदामावर चालत होती.

*

सरकीची पेंड एकच. पोत्यावर हिरवा शिक्का, म्हणून आम्ही तिला 'हिरवा शिक्का' म्हणायचो. तेलगावात तीच 'सरकी पेंड'. जुन्या कॉम्प्युटरांतली ही नावं तशीच नव्यात गेली. केतकी पुढं ती एक करणार होती, पण प्लॅनिंगला दम नव्हता!

प्लॅनिंगनं पाहिलं, वडवणीत सरकी पेंड शून्य. तेलगावात हिरवा शिक्का शून्य. हुकूम निघाला, दोघांनी एकमेकांना एकेक गाडी पाठवा.

मी केतकीला म्हणालो, "बाई, ही एकच पेंड आहे."

विश्वनाथ फोनवर होता. म्हणाला, "नाना, एकदा सिस्टीमचं ऐका."

ऐकलं. सकाळी आमची गाडी निघाली. दुपारी परत आली, पोचल्याची सही आणि म्हणे तेलगावचा माल घेऊन. संध्याकाळी तेलगावची पोती उतरवायला घेतली तर रमजान एका पोत्यापाशी थबकला.

"नाना, हे पोतं सकाळी म्याच चढवलंय की!"

"कशावरून?"

"ह्याला ठिगळ माझ्या लुंगीचं हाय!"

दोघं ड्रायव्हर वाटेत चहाच्या टपरीवर भेटले होते. एकमेकांचा माल बघितला, कागद बदलले, एकमेकांच्या सह्या केल्या आणि आपापल्या गावी माघारी फिरले. मी आमच्या ड्रायव्हरला दोन शिव्या हासडून विचारलं, "असं कावून केलंस?"

"नाना, डिझेल वाचवलं. शिव्या कावून देताय?"

कॉम्प्युटरात दोन्हीकडचा हिशेब अगदी जुळला. जुळणारच!

*

दुसरा घोळ मापाचा. आमच्याकडं माल थप्पीनं मोजतात. वीस पोत्यांची एक थप्पी. हमाल तसंच बोलतो, मीही तसंच बोलतो. मांजरसुंब्याहून फोन आला, "नाना, शिल्लक किती?" मी म्हणालो, "बारा." त्यांनी पोत्यांच्या रकान्यात बारा लिहिले.

प्लॅनिंग घाबरलं. ऐन लग्नसराईत, दुधाला मागणी असताना, वडवणीत बाराच पोती! एक ट्रक आला. त्याच्या मागं दुसरा. गोदाम भरलं, ओटा भरला, माझी खुर्ची हलवून तिथंही माल लागला.

रमजान म्हणाला, "नाना, आजपासून पेंड आत झोपंल. आपून भाईर!"

केतकी आली. डोकं धरून बसली नाही, हे तिचं मला आवडलं. रकान्याच्या पुढं 'पोती' असं लिहिलं आणि शेजारी थप्पीसाठी वेगळा रकाना केला. मला म्हणाली, "काका, तुम्ही थप्पीच सांगा. वीसनं गुणायचं काम त्याचं."

मी म्हणालो, "त्याला वीसचा पाढा येतो ना?"

"तुमच्यापेक्षा हळू," ती म्हणाली.

*

गिऱ्हाइकांचंही असंच एकत्रीकरण झालं. एक माणूस तीन गोदामांत तीन नावांनी असेल, तर मोबाईल नंबर बघून त्याला एक करायचं. ठीक आहे. पण आमच्या एका वस्तीवर सगळ्यांनी दगडूभाऊचाच नंबर दिलेला. त्याच्या घरापाशी रेंज येते. निरोपही तो चोख पोचवतो.

कॉम्प्युटरनं आख्ख्या वस्तीचा एक दगडूभाऊ केला. सगळ्यांच्या म्हशी त्याच्या नावावर. पेंड घेण्यात तो जिल्ह्यात पहिला आला! विश्वनाथनं मांजरसुंब्याच्या धाब्यावर कार्यक्रम ठेवला. शाल, नारळ, फोटो. दगडूभाऊनं पागोटं बांधून सत्कार घेतला.

शेवटी विश्वनाथनं विचारलं, "भाऊ, म्हशी किती?"

"एक बी न्हाई."

मी दगडूभाऊला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, मग आलास कशाला?"

"नाना, बलिवलं तर यावं माणसानं. अन् शाल काय म्हशीला पांघरायची व्हती?"

*

पुढचं दुखणं बाजाराचं. आमच्याकडं विक्री बाजाराच्या दिवशी. इतर दिवशी एखाददुसरं पोतं जातं. कॉम्प्युटर रोज बघायचा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विक्री बसली की लाल दिवा, आणि विश्वनाथचा फोन, "नाना, गिऱ्हाईक का तुटलं?"

चार आठवडे मी 'आज बाजार नाही' हेच उत्तर दिलं. पाचव्या आठवड्याला म्हणालो, "म्हशी रोज खातात. पण म्हशी पेंड न्यायला येत नाहीत!"

केतकी बाजाराच्या दिवशी येऊन गोदामाच्या दारात दिवसभर बसली. एसटीनं येणारी माणसं पाहिली, टपावर चढणारी पोती पाहिली. संध्याकाळी तिनं तिन्ही गावांचे बाजार एकाच पंचांगात घातले आणि लाल दिवा विझला. जाताना तिच्या ओढणीला पेंडीचा वास येत होता. ती म्हणाली, "काका, आता मी एसटीत बसले की जागा आपोआप मोकळी होईल."

*

आता चाळीस पोत्यांचं.

त्या साली श्रावण दोन आले. पाऊस एकातही धड आला नाही. पोळा तोंडावर आला आणि तेलगावात पेंड संपली. रंगनाथचा फोन आला. तो माझ्यासारखाच, कामापुरतं बोलणारा.

"नाना, चाळीस पोती उसनी दे. पोळ्याला बैलापुढं काय ठिवावं माणसानं?"

मी गाडी भरून दिली. आमच्यात कागद नसतो. एका गोदामाची अडचण दुसऱ्यानं भागवायची आणि आपला माल आला की फेडायचं. देणाऱ्यानं मागायचं नाही. मागून घेतलं तर ते उसनं कसलं?

पण आता माल प्लॅनिंग पाठवायचं, लागेल तेवढाच मोजून. रंगनाथकडं फेडायला काही उरेना.

भादव्यात केतकीनं कच्ची मोजणी केली. सगळं जुळलं. हिरवा शिक्का चाळीस कमी.

"काका, चाळीस पोती कुठं आहेत?"

"येतील."

"कुठून?"

"आली की दिसेल."

रमजानला राहवेना. कोपऱ्यात येऊन म्हणाला, "नाना, सांगा की रंगनाथभाऊचं नाव. आमच्या पोटाचा सवाल हाय."

"त्यानं शब्द दिलाय."

"दसऱ्याला शब्द मोजणार हायेत का ते?"

नाव सांगितलं असतं तर बिनकागदाचा माल घेतला म्हणून विश्वनाथनं रंगनाथला घरी बसवलं असतं. नाही सांगितलं तर रमजानची पाच घरं. त्या महिन्यात जेवण गोड लागलं नाही.

केतकीनं मात्र ओळखलं असावं. सगळे रकाने वरपासून खालपर्यंत चाळले. उसनवारीला त्यांत जागा नव्हती. एका रकान्यावर बोट थांबलं.

"काका, इथं 'वाटेत' असं आहे. माल निघालाय, पोचायचाय. तसं लिहू?"

मी विचार केला. "लिहा. खोटं नाही."

त्या दिवसापासून चाळीस पोती वाटेत होती! आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना गेला. विश्वनाथचा फोन आला.

"नाना, तासाभराच्या वाटेला महिना? माल गोगलगाईवर लादलाय का?"

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोजणी. विश्वनाथ सकाळीच आला आणि गोदामाची किल्ली माझ्याकडून घेतली. केतकी कॉम्प्युटर घेऊन ओट्यावर बसली. थप्प्या मोजून झाल्या. सगळं जुळलं, चाळीस सोडून. विश्वनाथनं किल्ली दोनदा हातात फिरवली. "नाना, मी वैशाखातच सांगितलं होतं."

तेवढ्यात तेलगावच्या वाटेनं एक टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारी रंगनाथ, धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल. उतरला. माझ्याकडं पाहिलं नाही.

"रमजान, माल उतरव."

पोती कोरी होती, शिक्का हिरवा होता. त्यानं ती कुठून आणली, मी विचारलं नाही. रमजान मोठ्यानं मोजत होता. चाळीसवर थांबला नाही.

"नाना, एक जास्त हाय!"

विश्वनाथनं मान वर केली. "जास्त? कसं काय?"

रंगनाथ म्हणाला, "उसनं भांडं रिकामं धाडत न्हाईत."

केतकीनं माझ्याकडं पाहिलं. "काका, चाळीसच वाटेत होती. एक्केचाळीस आली तरी जुळत नाही."

गोदामासमोरच्या टपरीवाल्याची म्हैस लिंबाखाली बांधलेली होती. रंगनाथनं जास्तीचं पोतं एकट्यानं उचललं, लिंबाखाली नेलं, दातांनी सुतळी तोडली आणि सगळी पेंड म्हशीच्या पुढ्यात ओतली. रिकामं पोतं झटकून खांद्यावर टाकलं.

"आता मोजा."

केतकीनं चाळीस लिहिले. विश्वनाथ बराच वेळ म्हशीकडं बघत राहिला. मग त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

रंगनाथ टेम्पोत चढला. दार ओढून घेताना त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"फिटलं?"

"फिटलं."