आधी टाका टाका, मग बोला

सोमवारी मटार निम्मे सोलून झाले होते. दाणे पातेल्यात, टरफलं वर्तमानपत्रावर, आणि ओठांवर रोजचं नामस्मरण. एवढ्यात वरच्या मजल्यावरून माझ्या थोरल्या जाऊबाई खाली आल्या आणि मोबाइल माझ्या मांडीत टाकून म्हणाल्या, “धाकटे, मिस्त्री चालले.”

माझ्या हातातली शेंग गळून पडली. “अगंबाई! कालपर्यंत तर धडधाकट होते ना?”

“तसं नाही गं. गटातून चाललेत. रविवारी निघतो म्हणतायत.”

देवाचे आभार मानून मी पुन्हा शेंग उचलली. पण ताईंचा चेहरा बघितला आणि ती पातेल्याच्या कडेला ठेवून दिली.

जाऊबाईंना मी ताई म्हणते. बावीस वर्षं त्या कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. शिवलेला कपडा हातात आला की उलटा करायचा आणि शिवण बघायची, एवढंच काम. पण ते हाडात इतकं मुरलं, की आजही कुणाच्या घरी गेल्या तर पाणी पिण्याआधी पडद्याचं टोक उलटून बघतात. मागे दवाखान्यात डॉक्टर ताईंची नाडी बघत होते आणि ताई त्यांच्या कोटाची बाही बघत होत्या. “अस्तर सुटलंय तुमचं,” म्हणाल्या. बिचारे ठोके मोजायचे विसरले.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कारखाना सुटला. घरी बसून काय करायचं, म्हणून त्यांनी मोबाइलवर शिवणकामाचा एक गट काढला. सुरुवातीला कारखान्यातल्या अकरा जणी होत्या. आता तीन हजारांवर माणसं झाली. कुणाची बाही वर चढते, कुणाचा गळा फाकतो, कुणाची मशीन रुसते. सगळे तिथे विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा मिस्त्री देतात.

मिस्त्री म्हणजे त्याच कारखान्यात मशीन दुरुस्त करणारे. आता निवृत्त आहेत. एका बोटाने टाइप करतात. वीस ओळींच्या उत्तराला त्यांची अख्खी सकाळ जाते, पण त्यातली एक ओळ फुकट नसते. त्यांनी ताईंना लिहिलं होतं, “काल एका नर्सबाईंनी विचारलं, शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता का होतो. मी तासभर बसून उत्तर लिहिलं. त्याखाली एकशे बारा जणांनी ‘मस्त’ लिहिलं, सतरा जणांनी फुलं पाठवली. करून कुणी बघितलं का, ते कुणीच सांगत नाही. मग मी कुणासाठी लिहितो? रविवारपर्यंत थांबतो. पुढे राम राम.”

“मिस्त्री गेले तर गटात उरणार काय?” ताई म्हणाल्या. “फुलं! बाग काढलीय का मी?”

त्याच दुपारी त्यांनी नियम करायचं ठरवलं. लोक नीट विचारत नाहीत, शिवणीचा फोटो दाखवत नाहीत, म्हणून नुसती वाहवा चालते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं : “आजपासून गटावर आधी टाका टाका, मग बोला.”

आता ताईंच्या मनात टाका म्हणजे शिवणीचा टाका. बिघडलेल्या टाक्याचा फोटो गटावर टाका, मग काय ते विचारा. तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या बाईला ‘टाका’ म्हटल्यावर दुसरं काही सुचतच नाही. पण तीन हजार माणसांनी वाचलं ते असं, की ताई मोठ्या उत्साहाने सांगतायत, टाका, टाका, काय असेल ते टाका!

संध्याकाळपर्यंत लोकांनी मनसोक्त टाकलं. सूर्योदय आले, मांजरं आली, नातवंडं आली. कुणीतरी नवा पंखा टाकला. एका आजोबांनी आपल्या गुडघ्याचा एक्स-रे टाकला. सगळ्यांखाली ‘मस्त’ होतंच, एक्स-रेखालीसुद्धा.

मिस्त्रींचा एका ओळीचा निरोप आला : “ताई, लोक टाकतायत.”

माझे भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “मीही टाकू का काही?”

“तुम्ही पेपर खाली टाका आणि दुकानातून दूध आणा,” ताई म्हणाल्या. भाऊजी मुकाट्याने उठले.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग वाईटही वाटलं. ताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, मोबाइल पालथा घालून. मी विचारलं, “ताई, कारखान्यात तुम्ही एखादीची चूक काढलीत, तर पुढे काय व्हायचं?”

“काय व्हायचं म्हणजे? ती जायची, उसवायची, पुन्हा शिवून आणायची. मी बघायची.”

“म्हणजे ती परत यायची.”

ताईंनी मोबाइल उचलला. मग तो सुलटा केला.

मंगळवारी त्यांनी जुना नियम काढून टाकला आणि साधं लिहिलं : विचारताना शिवणीच्या उलट्या बाजूचा फोटो द्या. उत्तर मिळालं की करून बघा, आणि परत येऊन सांगा, जमलं की नाही जमलं. नाही जमलं तरी चालेल, पण परत या.

दिवसभर कुणी काही दिलं नाही. उलटी बाजू दाखवायला माणूस लाजतोच. मी देवापुढे बसून चांगलं तेवढंच बोलते, मला ठाऊक आहे. शेवटी ताईंनी स्वतःच्या बेडरूमचा पडदा काढला आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो दिला. शिवण नागमोडी, मध्ये दोन ठिकाणी टाके सुटलेले. खाली लिहिलं, “ही माझी आहे. घाई केली होती.”

“ताई, तुमचीसुद्धा वाकडी?” कुणीतरी लिहिलं, आणि मग धीर सुटला म्हणा की आला म्हणा, उलट्या बाजू यायला लागल्या.

गटात एक बाई होत्या, प्रत्येक गोष्टीला ‘मस्त’ म्हणणाऱ्या. आम्ही त्यांना मस्तबाईच म्हणायचो. मला वाटलं, ताई त्यांना काढून टाकणार. ताईंनी त्यांना वेगळा निरोप पाठवला, “तुम्ही मागे उशीचे अभ्रे दाखवले होते. त्यांचे कोपरे इतके टोकदार कसे वळवलेत? गटाला सांगाल का?”

तासाभराने मस्तबाईंचं उत्तर आलं. चौदा ओळी! कोपऱ्याचं जादा कापड किती कातरायचं, टोक काढायला बोथट पेन्सिल कशी वापरायची, सगळं. शेवटी लिहिलं होतं, “मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

ताईंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. ‘मस्त’ म्हणायचं मात्र दोघींनी कटाक्षाने टाळलं.

तरी मिस्त्री गप्पच. शुक्रवार गेला. शनिवारी मी संध्याकाळची प्रार्थना आटोपून उठते आहे, तो जिन्यात ताईंच्या चपला वाजल्या. गुडघे विसरून उतरत होत्या. “धाकटे, वाच!”

नर्सबाई परत आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, “मिस्त्रीकाका, जमलं. खाली गुंता म्हणून मी खालच्याच दोऱ्याला दोष देत होते. तुम्ही सांगितलंत तसा कापड दाबणारा पाय आधी वर उचलला, मग वरचा दोरा ओवला. गुंता गेला. आठ वर्षं मी पाय खाली ठेवूनच ओवत होते!” सोबत दोन फोटो होते, सुलट आणि उलट. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ.

“मिस्त्रींनी बघितलं का?” मी विचारलं.

“बघितलंय. गप्प आहेत.”

आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्याच. भाऊजीही मागे येऊन उभे राहिले. मिस्त्री लिहीत असल्याची खूण दिसायची, थांबायची, पुन्हा दिसायची. एका बोटाचं काम ते! देवा, आता सुचू दे त्यांना, मी मनात म्हटलं.

उत्तर आलं : “बाई, फोटो नीट बघितला. तिसऱ्या इंचावर एक टाका सुटलाय. सुई कधी बदलली होती?”

ताईंनी ते भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं. “राहिले गं,” म्हणाल्या.

आज रविवार. सकाळीच मिस्त्रींचा ताईंना निरोप आला. दोऱ्याचा ताण कसा ओळखायचा, हे ते आता गटाला फोटो काढून शिकवणार आहेत. वरचा दोरा एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा असला, तर चूक कुणाची ते लगेच दिसतं, म्हणून त्यांना दोन रंग हवेत. ताई पिशवी घेऊन गेल्यात, लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचं एकेक रीळ आणायला.