फायरप्लेसच्या जागी जाळी

लंडनजवळच्या आमच्या हाउन्सलोच्या घरात फोडणी पडली की धुराचा अलार्म वाजायचा. आई एका हाताने पातेल्यावर झाकण ठेवायची, दुसऱ्या हाताने टी-टॉवेल घेऊन छताखाली वारा घालायची, आणि पुढच्या खोलीतून बाबा ओरडायचे, "झालं का गं वरण? बंबवाले येतील, त्यांचंही पान मांड!"

घर जुनं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. एकदा पलीकडच्या बाईंनी फार गोड शब्दांत विचारलं होतं की तुमच्याकडे रोजच एवढं तळतात का. त्या आठवड्यात बाबांनी दुकानातला सगळ्यात मोठा पंखा आणून स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवला. तो इतका जोरात हवा ओढायचा की मागचं दार किलकिलं ठेवलं तर आपोआप आपटायचं.

पुढच्या खोलीत खरी फायरप्लेस होती. बाबा एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये काम करायचे, तिथे हिवाळ्यात दारं उघडीच असतात. घरी आले की ते आधी लाकडं पेटवत आणि बूट न काढता तळपाय तिकडे करून बसत. रस्त्याकडच्या भिंतीत, खाली, बाहेरच्या हवेसाठी एक जाळी होती. तिच्यातून गार वारा नेमका घोट्यांवर यायचा. बाबांनी जुन्या ब्लँकेटचा तुकडा तिच्यात कोंबला आणि वर टेप लावली. खोली खरंच उबदार झाली. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

त्या शनिवारी मी विद्यापीठातून घरी आले तेव्हा अलार्म फाटकापर्यंत ऐकू येत होता. आई नेहमीसारखीच टॉवेल हलवत होती.

"बरं झालं आलीस. आज मेला थांबतच नाहीये. खुर्चीवर चढ आणि बॅटरी काढ त्याची."

मी चढले. छतावरचा अलार्म गप्प होता. आवाज पुढच्या खोलीतून येत होता, धुराडं साफ करणाऱ्या माणसाने शेल्फवर ठेवलेल्या दुसऱ्या डबीतून. ती डबी तोवर कधी वाजलीच नव्हती, त्यामुळे तिचा आवाज कसा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

बाबा खुर्चीत होते. मान छातीवर पडलेली.

"दुपारपासून डोकं दुखतंय म्हणत होते," आई मागून म्हणाली. "झोपू दे, शिफ्ट करून आलेत."

मी त्यांना हलवलं, ते उठेनात. मग आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून रस्त्यापर्यंत ओढत नेलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आई त्यांच्या तोंडावर वारा घालत होती. टॉवेल तिच्या हातातच राहिला होता.

नंतर आम्हाला समजावून सांगितलं गेलं. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. बाहेरची हवा आत यायची वाट बाबांनी बुजवली होती. म्हणून घर धुराड्यातून हवा ओढत होतं आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. त्या विषारी वायूला वास नसतो; शेल्फवरची डबी त्यासाठीच होती. आमच्या घरात, जिथे वासाचीच एवढी काळजी होती.

बाबा घरी आले. चालत होते, बोलत होते. मग एक दिवस त्यांनी मला विचारलं की तू कुठल्या वर्षाला आहेस, आणि जेवताना पुन्हा विचारलं. नळ सुरू राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, सुधारेलही, सांगता येत नाही. कामावर ते अजून गेलेले नाहीत.

घरातल्या हवेची तपासणी करायला जो माणूस आला त्याने दोन उपाय सांगितले. पहिला, फायरप्लेस ठेवायची, पण भिंतीतली जाळी कायम उघडी आणि पंखा हळू. दुसरा, फायरप्लेस फळी लावून बंद करायची. धुराड्यावर टोपी, फळीत एक छोटी जाळी, म्हणजे बंद धुराड्यात ओल धरणार नाही. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये हळू पण सतत चालणारे पंखे, खिडक्यांच्या वर हवेच्या फटी.

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तू शिकतेस ना," आई म्हणाली. "तूच सांग."

घरातून विद्यापीठात गेलेली मी पहिलीच. पण मी समाजशास्त्र शिकते. हवेबद्दल मला काय कळतं?

"पहिलंच करू," बाबा म्हणाले. "मी जाळी उघडी ठेवीन. ठेवीन मी लक्षात." आणि त्या माणसाकडे वळून त्यांनी विचारलं, "चहात साखर?" हे त्यांनी थोड्या वेळापूर्वीच विचारलं होतं. त्याचा कप हातात होता, अर्धा संपलेला.

आईने खाली बघितलं. मला असं काहीतरी हवं होतं, ज्यात आमच्यापैकी कुणालाच काही लक्षात ठेवावं लागणार नाही. हे बाबांसमोर कसं म्हणायचं ते मला सुचेना.

"दुसरं करू," मी म्हणाले.

"का गं?"

"धूर होतो बाबा. माझ्या डोळ्यांना त्रास होतो."

त्यांनी वाकून माझे डोळे निरखून बघितले. त्यांना कळलं की नाही, मला अजून माहीत नाही.

"बरं," ते म्हणाले. "पोरीच्या डोळ्यांना होतो, तर करू बंद."

आता तिथे पांढरी फळी आहे आणि तिच्यात वहीएवढी जाळी. नवे पंखे दिवसभर हलके घुमत असतात. आई फोडणी वेगळ्या कढल्यात घेते, मागच्या दाराबाहेर पायरीवर छोट्या गॅसवर करते आणि आत आणून वरणावर ओतते. घरातच कर म्हटलं तर म्हणते, "राहू दे, सवय झाली."

बाबांची खुर्ची अजून फळीसमोरच आहे. मागच्या वीकेंडला मी वाकून बघितलं तर जाळीत काहीतरी कोंबलेलं होतं. ओढून काढलं. बाबांचा कामावरचा जाड लोकरी मोजा.

"गार वारा येतो गं तिथून," बाबा म्हणाले.

"हो ना बाबा."

मोजा ओलसर लागत होता. मी तो रेडिएटरवर वाळत टाकला. पुढच्या खेपेला तो पुन्हा तिथेच असेल, आणि मी पुन्हा काढीन. त्याने भिंतीला ओल येईल, एवढंच.