लॅपटॉपचं कुलूप

आमच्या घरात आजवर एकदाही चोरी झालेली नाही. जे काही गेलं ते घरच्याच माणसाने, म्हणजे मी, घालवलं.

शनिशिंगणापुरात आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. कपाटालासुद्धा कुलूप लावायचं नाही, हा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नेम. अशा घरात नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझी ताई लॅपटॉप घेऊन आली. राहुरीला ती शेतीत एम.एस्सी. करत होती आणि लॅपटॉप तिच्या सरांचा होता. बाजरीच्या केवडा रोगावरचा तिचा प्रबंध त्यात होता. सोमवारी तो दिला तर ठरलेली नोकरी मिळणार, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार.

ताईने मशीन चालू केलं, काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या.

"ह्ये काय?" आबांनी विचारलं.

"पासवर्ड, आबा. कुलूपच म्हणा."

आबांचा चहा बशीतच राहिला. "शनिदेवाच्या गावात कुलूप? काढ आधी."

"सरांनी लावलंय. मला नाही काढता येत," म्हणत ताई आईबरोबर देवाला गेली. मशीन चालूच ठेवून गेली, बिचारी.

आबा माझ्याकडे वळले. "संजू, तू नगरला कोर्स केलास न्हवं?"

केला होता. (त्यात निम्मे दिवस वीज नसायची आणि वीज असली की सर नसायचे.) पण ते सांगायला आपलं तोंड कुठं उघडतंय? मी बाह्या सरसावल्या. शोधता शोधता काही फायली कुणीतरी लपवून ठेवलेल्या दिसल्या. आमच्या गावात लपवून ठेवायची सवयच नाही. त्यामुळे जे लपलंय तेच कुलूप, यावर बापलेकाचं लगेच एकमत झालं. मी त्या पुसल्या आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, सिस्टीम सापडत नाही.

"निघालं का?" आबा.

"निघालं. पण मशीनपन चालंना."

आबा मटकन खाली बसले. मग लॅपटॉपच्या पिशवीत एक सीडी सापडली, मशीन पहिल्यासारखं करून देणारी. देव पावला असं वाटलं मला. सीडी घातली, तर तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय इचारतंय?"

"सगळं पुसू का म्हणतंय."

"कुलूपपन पुसंल?"

"पुसंल की."

"मंग पुस."

कोर्समध्ये आमचे सर एकच गोष्ट ठासून सांगायचे, मशीनने काही विचारलं की 'येस'चा वाय दाबायचा. मी वाय दाबला. सगळं म्हणजे ताईचा प्रबंधसुद्धा, हे त्या घटकेला डोक्यात आलंच नाही.

ताई परत आली तेव्हा मशीन नव्या नवरीसारखं चकचकीत होतं. "बघ, कसं मोकळं झालं," आबा कौतुकाने म्हणाले. ताई बराच वेळ शोधत राहिली. तिच्याकडच्या फ्लॉपीवर पहिली दोनच प्रकरणं होती. लोक साडेसाती घालवायला लांबून आमच्या गावात येतात, ताईला ती घरातच भेटली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सीडी नीट पिशवीत ठेवली, चूळ भरली आणि राहुरीची एसटी धरली. आबा चौकटीत उभे राहून म्हणाले, "लई वंगाळ झालं रं." प्रबंध तिने पुन्हा लिहिला, पण तोवर ती नोकरी दुसऱ्याला मिळाली होती. पुढे तिचं चांगलंच झालं, तरी त्या दुपारची आठवण आली की आजही मला कसंतरी होतं.

आज नगरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक भरपूर. ताई मागच्याच गल्लीत राहते. परवा कळलं, तिचा लॅपटॉप चालूच होत नाही. मी लगेच फोन केला, "ताई, घेऊन ये की, मी बघतो."

ती अगदी मायेने म्हणाली, "नको रे संजू, अजून थोडी आशा आहे त्यात."