सेवादासकाकाचा डोडा

ट्रक चालवायचा तेव्हा आमच्या तांड्यातला सेवादासकाका राजस्थानी ढाबेवाल्याची अशी नक्कल करायचा, की लोक पोट धरून हसायचे. मिशीवर बोट फिरवत म्हणायचा, "ड्राइवर साब, एक घूँट ले लो, नींद भाग जासी!"

घोट डोड्याचा. अफूची वाळलेली बोंडं कुटून चहासारखी उकळायची. झोप पळाली खरी. मग भूक पळाली, आणि तिसऱ्या वर्षी मालकानं चावी काढून घेतली.

त्याची पोरगी वर्षा कॉलेजात इतिहास शिकते. तिनं वाचून दाखवलं, इंग्रजांनी माळव्याची अफू जहाजं भरभरून चीनमध्ये ओतली, तिकडं घरंच्या घरं बसली. चीनच्या बादशहानं माल जप्त केला, तर इंग्रज तोफा घेऊन आले.

"बंदरावर कोनं नेली असन?" काका खोकत हसला. "आपलेच लमाणी बैल! आज्यानं वाह्यली, नातू पिऊन राह्यला."

"बा, हसू नका," वर्षा म्हणाली.

शेवटी तांड्याचा प्रमुख घनश्याम नायकानं देवाला भोग चढवतात त्या विस्तवासमोर काकाला शपथ घातली, पंधरा दिवस तांडा सोडून डोड्यापायी दारव्ह्याला जायचं नाही. चौथ्याच दिवशी काकाचं नाक गळू लागलं, हाडं ठणकू लागली. त्याची नजर सोनीकाकूच्या केसांवर गेली. तिथं घुगरी, टोपली हे चांदीचे दागिने. नवरा जिवंत असेतो बाई हे उतरवत नाही.

"एकच दे वं सोने. पुन्हा मांगीन तं थुंक तोंडावर."

"काहून एकच? पुरन काय तुमाले?"

काकूनं सगळं सोडलं, त्याच्या हातावर ठेवलं आणि उघड्या केसांनी हंडा घेऊन नळावर गेली.

नळावरच्या बायका तिच्याकडं बघतच राहिल्या. मग एकेक करत काकाच्या अंगणात येऊन बसल्या. एकीनं रडायचा सूर धरला, मयताला धरतात तसा. तो ऐकून नायकही आला.

"कायले रडता वं? मी जित्ता हाव न! नायक, सांगा यायले!"

नायकानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं. "कधी गेला, सोनीबाई?"

"ट्रकवर होता तवाच."

काका तिच्यापुढं आला. मूठ उघडली. "घाल. घाल न वं."

काकूनं हात पुढं केला. तेवढ्यात फाट्यावर दारव्ह्याला जाणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला, आणि मूठ मिटली.

"हटा वं, हटा," म्हणत काका रडणाऱ्या बायकांमधून वाट काढत पळाला.