फिलोमिनाबाई पिकनिकला का येत नसत

मंडळी, आत्ताच फिलोमिनाबाईंच्या दफनाहून घरी आलोय. चैन पडत नाही, म्हणून लिहितो.

डोंबिवलीत मानपाडा रोडला त्या आमच्या समोर राहायच्या. नव्वदच्या आसपास मी बिल्डिंगचा सेक्रेटरी होतो. आमची पिकनिक दरवर्षी गुड फ्रायडेला, खडवलीला नदीवर. सगळ्यांना हक्काची सुट्टी ना! बाई कधीच आल्या नाहीत. "त्या मिसळत नाहीत," असं आम्ही ठरवून टाकलेलं.

एकदा बायकोने विचारलंच. त्या म्हणाल्या, "अगं, माझा उपास असतो."

पुढच्या वर्षी मी नोटिशीत लिहिलं, 'उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी आहे.' केवढा समजूतदार वाटलो होतो स्वतःला! त्यांच्या घरी गुड फ्रायडे म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस, दुपारभर चर्चमध्ये प्रार्थना. रविवारी ईस्टरची अंडी मात्र त्यांनी घरोघर पाठवली. आम्ही चवीने खाल्ली.

आज त्यांची मुलगी म्हणाली, "अंकल, मम्मीला फार यायचं होतं हो. दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी तारीख बदलतील."

नोटीस वाचल्याची सही घ्यायला दरवर्षी मीच त्यांच्या दारात जायचो. त्या हसून सही करायच्या.

तेव्हा तारीख कुणी ठरवायची होती, सांगा ना?