पुढच्या सीटवरचे देव

गेल्या नवरात्रापासून आमच्या भजनी मंडळात मी पुण्यवान ठरले आहे. भजनाला गेले की बायका सरकून मला पुढे जागा देतात, नवीन आलेल्या सुनांना माझ्या पाया पडायला लावतात, आणि कोणी ना कोणी म्हणतंच, "देव तारी त्याला कोण मारी." मंडळाच्या अंकासाठी अनुभव लिहून द्या, असा आग्रह झाला, तेव्हा मी लिहून दिला. तो वाचून अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ड्रायव्हरचं एवढं कशाला? देव आगीतून सुखरूप आले, तिथेच थांबवा की." मला तिथे थांबता येईना. म्हणून जसं घडलं तसं सगळं पुन्हा लिहायला बसले आहे. देवीवरची माझी श्रद्धा आज पूर्वीइतकीच आहे का, असं कोणी विचारलं तर मात्र मला उत्तर देता येणार नाही.

आमचं घर बेंगळुरूच्या चामराजपेटेत, किती पिढ्यांपासून ते आता कोणालाच नक्की ठाऊक नाही. बोलण्यात निम्मी कानडी शिरली, पण देव्हाऱ्यातले कुलदेवतेचे चांदीचे टाक आणि नवरात्रातले घट सुटले नाहीत. यजमान गेल्यापासून मी एकटी असते. मुलगा आणि सून व्हाइटफील्डला, त्यांच्या ऑफिसच्या जवळ. गेल्या वर्षी माझे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, या वर्षी घट इकडेच बसवू. तू देवांना घेऊन ये." बसलेले देव हलवणं माझ्या जिवावर आलं होतं. पण खाली वाकून घटाची माती सारखी करणंही जमत नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

माझ्या जाण्यायेण्यासाठी मुलाने एक गाडी घेऊन दिली होती, आणि ती चालवायला मंजुनाथ होता. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. आमच्यात वावरून तो आमचं मराठी आमच्याइतकंच मोडकं बोलायला शिकला होता. त्या गाडीचं इंजिन काही महिन्यांपासून टकटक आवाज करायचं. मला तो ऐकूही येत नसे, पण मंजुनाथला यायचा. त्याने गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी ऑइल बदलून परत पाठवली. आवाज थांबला नाही म्हणून तो पुन्हा घेऊन गेला. तेव्हा त्याला सांगण्यात आलं की या मॉडेलला एवढा आवाज असतोच, काळजी करू नका. परत आल्यावर तो मला म्हणाला, "अक्का, ते म्हणतात सरी आहे. मला सरी वाटत नाही." सरी म्हणजे ठीक. मुलाने कंपनीला फोन केला, त्यालाही तेच गोड उत्तर मिळालं. आणखी काय करायचं असतं माणसाने?

घटस्थापनेच्या सकाळी मी टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा, समई, सगळं पितळी डब्यात लोकरीच्या आसनात गुंडाळून ठेवलं. देव पायाशी ठेवायचे नाहीत, डिकीत तर नाहीच. म्हणून मी डबा पुढच्या सीटवर, मंजुनाथच्या शेजारी ठेवला आणि मागे बसले. डबा चांगलाच जड होता. गाडीला वाटलं, माणूसच बसलंय. पट्टा लावा म्हणून ती टुंई टुंई करायला लागली. मंजुनाथने हसत डब्याभोवती पट्टा ओढून लावला आणि म्हणाला, "देवीला पण रूल आहे, अक्का." मीही हसले. पट्टा नाही म्हणून एवढा गळा काढणाऱ्या त्या गाडीने इंजिन मोडायला आलंय हे मात्र एका शब्दाने सांगितलं नाही. एक लाल दिवासुद्धा लागला नाही, मंजुनाथ शपथेवर सांगतो.

महादेवपुऱ्याच्या अलीकडे उड्डाणपुलावर होतो. खालून घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला आणि गाडीचा जीवच गेला. नंतर कळलं की आतला एक दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता आणि तापलेलं ऑइल खालच्या, धूर बाहेर सोडणाऱ्या लालभडक नळीवर सांडून पेटलं होतं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की मंजुनाथ दोन्ही हातांनी स्टिअरिंगशी झटतो आहे. ते वळेना, ब्रेकही दगडासारखा झाला होता. तरी त्याने गाडी कठड्याच्या कडेला रेटून उभी केली. पुढून धूर आत यायला लागला. तो उतरला, माझं दार उघडलं, आणि मला काखेत हात घालून ओढत पार लांब नेऊन बसवलं. मी खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मान वर केली तेव्हा तो परत गाडीकडे धावत होता.

मी त्याला पाठवलं नव्हतं. मला त्या घटकेला देव आठवलेही नव्हते, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही. तो पुढच्या दारातून आत वाकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पट्ट्याचा खटका सुटत नव्हता. वरून प्लास्टिक वितळून गळत होतं. अखेर तो डबा छातीशी धरून बाहेर आला, माझ्यासमोर ठेवला, आणि मग आपल्या हातांकडे बघून खालीच बसला. ते हात कसे दिसत होते ते मी लिहिणार नाही.

मागून येणाऱ्या गाड्या आम्हाला वळसा घालून जात होत्या, काही जण मोबाइल काढून चित्रण करत होते. इतक्यात एक पाण्याचा टँकर आला. बेंगळुरूत टँकरवाल्यांना शिव्या न दिलेला माणूस विरळा. मीही दिल्या आहेत. त्याच्या ड्रायव्हरने टँकर रस्त्यावर आडवा घातला, मागची रहदारी अडवली, उतरला आणि पाइप सोडला. गाडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मंजुनाथची दोन्ही मनगटं धरून तो ते हात धारेखाली धरून राहिला. मंजुनाथ ओरडून हात ओढून घ्यायचा, तो त्याच्यावरच खेकसून पुन्हा धरायचा, "स्वल्प थांब रे, स्वल्प थांब." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने पाणी थांबवलं नाही. कोणत्या तरी सोसायटीचं त्या दिवसाचं पाणी आमच्या पुलावरून वाहून गेलं. मग तो टँकर वळवून निघून गेला. नाव विचारायचंही कोणाला सुचलं नाही. डॉक्टर पुढे म्हणाले की ते पाणी मिळालं नसतं तर बोटं कापावी लागली असती.

याला मी कृपा म्हणते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. पण रात्र रात्र मी देवीशी भांडले आहे, की बाई, तुला टँकर पाठवायचं सुचलं, तर तो दांडा तेवढा व्हाइटफील्डपर्यंत का धरून ठेवता आला नाही? लोक म्हणतात, डब्यातल्या टाकांना धगही लागली नाही, केवढा चमत्कार. अहो, लागणार कशी? मधे एका माणसाचे हात होते.

मुलाबरोबर मी सर्व्हिस सेंटरला गेले. मागच्या अंगणात आमच्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या, दोन्हींची इंजिनं काढलेली. मॅनेजरच्या डोक्यावर देवीचाच फोटो होता, ताज्या मोगऱ्याचा हार घातलेला. त्याने हात जोडले आणि म्हणाला की प्रत्यक्ष आईची कृपा, म्हणून तुम्ही वाचलात. तुम्हाला दुसरी गाडी देऊ. ड्रायव्हरचं म्हणाल तर तो पेटत्या गाडीत आपणहून परत गेला, त्याला कंपनी काय करणार? मी त्या अंगणातल्या गाड्यांचं विचारलं, तर म्हणाला, त्या वेगळ्या आहेत. मुलगा माझा हात दाबत होता, "आई, सोडून दे." मी मॅनेजरला सांगितलं, "देवीने केलं ते देवीचं. तुम्ही केलंत ते तिच्या नावावर घालू नका." गाडी आम्ही घेतली नाही. कंपनीवर केलेला खटला चालू आहे, तारखा पडताहेत. मुलगा माझ्यावर थोडा नाराज आहे.

इस्पितळात मी मंजुनाथला एकदाच विचारलं, का गेलास रे परत? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "माझ्या गाडीत बसले होते ना, अक्का. तुम्हाला काढलं, मग त्यांना काढायचं. सोडून कसं यायचं?" ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्याने ते मला कधी कळू दिलं नाही. त्याला आता स्टिअरिंग धरता येत नाही. मांडीची कातडी काढून तळव्यांना लावली आहे, बोटं पूर्ण मिटत नाहीत. त्याची बायको दोन घरी स्वयंपाकाला जाते. तो मुलींना शाळेत सोडतो आणि दिवसभर बसून असतो.

चैत्रात तो पहिल्यांदा आमच्या घरी आला. माझी पूजा नुकतीच झाली होती. तो देव्हाऱ्यासमोर उभा राहिला, डोळे मिटले आणि तीर्थासाठी उजवा हात पुढे केला. मी पळीने तीर्थ घातलं. तो हात तसाच पुढे करून उभा. पाणी त्याच्या सपाट तळव्यावरून, बोटांच्या फटींतून खाली गळून गेलं. थोड्या वेळाने त्याने डोळे न उघडताच विचारलं, "दिलं का, अक्का?"

मी माझा डावा हात त्याच्या हाताखाली धरला, त्याची बोटं माझ्या बोटांनी वर वळवली आणि पुन्हा तीर्थ घातलं. ते राहिलं. मी म्हटलं, "दिलं." तो प्याला. शरण जाणं म्हणजे काय, हे मला कोणत्याच प्रवचनात कळलं नव्हतं, आणि आज कळलं असंही मी म्हणत नाही. तो आता रोज सकाळी येतो. पूजेच्या वेळी देवीला हात जोडायचे माझे राहूनच जातात. एका हातात पळी असते आणि दुसरा त्याच्या हाताखाली असतो. एवढं काम तिने मला दिलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. बाकीचं तिला मी अजून माफ केलेलं नाही.