गोलमागचा माणूस

गोली खाकरला की आमच्या घरामागच्या कालव्यातल्या पाणकोंबड्या उडायच्या. थट्टा करत नाही. आल्मेरे या डच गावात इतकी शांतता असते की माणसाला स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं, आणि त्या शांततेत कालव्याच्या पलीकडून हा आवाज यायचा. खोकला नव्हे, ढेकर नव्हे. पोटातून निघालेला जाडजूड खाकर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला आणि बायकोला म्हणालो, "हा माणूस आपल्याकडचा आहे."

ती म्हणाली, "हळू बोला, बाळ झोपलंय."

हळू बोला. नातवाच्या जन्मानंतर तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे गेलो, ते सगळे दिवस या दोन शब्दांत गेले. फलटणला माझी पिठाची गिरणी. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून जात्याच्या आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोललो. माझ्या हाकेला बाजारातला माणूस मागं वळून बघतो. तिथं बाळाचं सगळं बायको बघायची, मला काम एकच, आवाज न करणे. बाहेर जावं म्हटलं तर मुलगा म्हणायचा, "बाबा, रस्त्यावर बर्फ आहे, घसराल." घरात बसावं तर दुपार सरते न सरते तोच अंधार. मी खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जायचो आणि स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत यायचो. घर सुंदर होतं, ऊबदार होतं. पिंजराही ऊबदार करता येतो.

गोलीही तसाच अडकलेला, मुलीकडे, माझ्या आधी काही आठवडे आलेला. त्याचं खरं नाव आनंदराव. पण कालव्यावरच्या पुलावर भेटलो तेव्हा त्यानं हात पुढं करून सांगितलं, "मी गोली. कोल्हापूर." तो पंजा म्हणजे खोरंच, त्यातली दोन बोटं वाकडी. जन्मभर मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा तोलल्या आणि उमेदीची सगळी वर्षं पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून उभा राहिला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते मला त्यानं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी कुस्ती बघणारा माणूस. म्हणालो, "एका चेंडूमागं बावीस माणसं, हा काय खेळ झाला?"

"बावीस न्हवं, वीस," तो म्हणाला. "दोघं जागेवर असत्यात. त्यातला एक मी."

जागा सोडायची नाही, ही त्याची सवय घरातही होती. तो कधी खुर्चीत बसायचाच नाही. दारात उभा राहायचा, पाय फाकवून, हात थोडे पुढं. स्वयंपाकघरात जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याला वळसा घालावा लागे. त्याची मुलगी वैशाली, झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागात मोठ्या कंपनीत कामाला, संध्याकाळी दमून यायची आणि म्हणायची, "अण्णा, बाजूला व्हा ना जरा!"

"बाजूला झालो की गोल, पोरी," असं म्हणून तो तिला तेवढ्यापुरती वाट द्यायचा.

वैशालीची मुलगी ईरा डेल्फ्टला युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात होती. गोलकीपर. आजोबांनीच लहानपणी सुट्टीत अंगणात उभं केलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, आणि राग आला की डच. एका शनिवारी दुसऱ्या गावची मॅच हरून ती घरी आली आणि सरळ जिना चढायला लागली. गोलीनं खालून विचारलं, "कितीनं गेली गं?"

"डझण्ट मॅटर, आजोबा. नोबडी कम्स एनीवे."

कुणी येतच नाही. हे वाक्य त्या माणसाला असं लागलं की दुसऱ्या दिवशी पुलावर तो माझ्या आधीच येऊन उभा होता. मग कठड्याला टेकून त्यानं मला गोव्याची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या संघांना परगावची मॅच फारशी माहीतच नाही, सगळ्या पेठा एकाच मैदानात भांडतात. पण एकदा तालमीला गोव्याचं बोलावणं आलं. ट्रकमधून गेले. मैदानभर गोव्याची माणसं, ओरडणारी. "माझ्या मागं फक्त वस्ताद हुता. पैला गोल खाल्ला. वाटलं, आता आई-बहीण काढणार. तर वस्ताद नुसता खाकरला. दुसरा खाल्ला, पुन्हा खाकरला. वळून बघायची गरजच न्हाई. कळतंय, माणूस हाय, गेल्याला न्हाई."

"जिंकला का मग?"

"छ्या! लई मार खाल्ला." तो हसला. "पर पळून जावंसं वाटलं न्हाई."

ईराची पुढची परगावची मॅच ग्रोनिंगनला होती, पार उत्तरेला, ऐन थंडीत. गोली म्हणाला, "तिच्या गोलमागं मी हुबा ऱ्हाणार." वैशाली म्हणाली, अजिबात नाही. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, तिकडचा वारा बोचरा. "अण्णा, स्कोअर फोनवर दिसतो."

"स्कोअर बघाय कोण चाललंय?"

मग त्यानं मला धरलं. मी एकट्यानं तिथल्या आगगाडीत कधी बसलो नव्हतो. पाट्यांवरची अक्षरं मला येत नाहीत आणि कुणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही. हे मी त्याला सांगितलं नाही, त्यानं ओळखलं. म्हणाला, "गिरणीवाले, एकदम मॅच खेळायची नसती. आधी सराव." आमचा सराव असा. वैशाली आणि माझा मुलगा कामावर गेले की स्टेशनवर जायचं आणि गाडीत बसून एक स्टेशन पुढं उतरायचं. परत यायचं. पुढच्या खेपेला आणखी एक स्टेशन पुढं. आमची मंडळी कटात सामील होती, तीच दशम्या आणि लसणाची चटणी बांधून द्यायची. मुलानं विचारलं तर सांगायची, पुलावर गेलेत. दशम्या उघडल्या की डब्यातल्या गोऱ्या बायका नाकं वर करून बघायच्या. गोली त्यांच्यापुढंही एक धरायचा. एकीनं घेतली, तिखटानं डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी मागितली. त्या गाडीत मी मोठ्यानं बोललो. किती दिवसांनी, ते मलाच ठाऊक.

लेलीस्टाटपर्यंत मजल गेली तेव्हा पकडले गेलो. आल्मेरेला परत उतरलो तर समोरच्या फलाटावर वैशाली, त्या दिवशी लवकर सुटलेली. रुळांच्या अल्याड आम्ही, पल्याड ती. मी डबा पाठीमागं लपवला. गोलीनं काय करावं? खाकरला. वैशाली आधी डोळे मोठे करून बघत राहिली, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. जिना चढून आमच्याकडं आली आणि म्हणाली, "जा. पण दोन-दोन थर्मल घालून. आणि काका, तुम्ही यांचा हात सोडायचा नाही."

मॅचच्या सकाळी आम्ही फलाटावर उभे होतो. तोंडातून वाफा निघत होत्या, गोलीच्या डोक्याला मफलर, वर फेट्यासारखा आणखी एक. गाडी यायची होती तेवढ्यात वैशालीचा फोन. मॅच रद्द. मैदान गोठलंय, खेळणाऱ्यांचे पाय मोडतील म्हणून बंद ठेवलंय. गोलीनं फलाटावरच्या डबक्यावर बूट ठेवला, दाबला. बर्फ कुरकुरला, पण फुटला नाही. "आमच्यात चिखलात खेळत्यात," एवढंच तो म्हणाला. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली.

मॅचची नवी तारीख लागली ती गोलीचा व्हिसा संपल्यानंतरची. वैशालीनं सगळीकडं चौकशी केली. मुदत वाढत नव्हती. मी म्हणालो, हा कसला कायदा, म्हाताऱ्यानं नातीची मॅचसुद्धा बघू नये? माझा आवाज चढला, पलीकडच्या घरातला पडदा हलला. गोली शांत होता. "टायम झाला, गिरणीवाले. रेफ्रीनं शिट्टी मारल्यावर गोली काय करणार?" वैशाली म्हणाली, मी जाते अण्णा. तो म्हणाला, "तू रडशील. पोरगीला कळंल." आणि माझ्याकडं बघितलं.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला पुलावर उभं केलं. "खाकरा बघू."

मी खाकरलो.

"हे तंबाखू थुकायच्या आधीचं झालं. पोटातनं काढा."

पुन्हा खाकरलो.

"आता सासुरवाडीत शिरल्यागत वाटतंय. अवो, तिला सांगायचं हाय, मी हाय म्हणून. तुम्ही तर मी कोण हाय ते सांगतासा."

त्याचं विमान गेल्यावर मी घरात सराव करू लागलो. सूनबाई काळजीनं म्हणाली, "बाबा, हाउसआर्ट्सकडे नेऊ का तुम्हाला?" मुलगा म्हणाला, "काही उपयोग नाही, तो डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या म्हणेल." मी त्या दोघांना समोर बसवलं आणि म्हणालो, मी ग्रोनिंगनला जाणार आहे, एकटा. विचारत नाही, सांगतोय. मुलानं माझ्या फोनमध्ये काहीतरी टाकलं. मी कुठं आहे ते म्हणे त्याला दिसतं. म्हटलं, बघ बाबा. गोलीनं मला एक पक्कं सांगून ठेवलं होतं, "ग्रोनिंगन शेवटचं ठेसन. गाडी म्होरं जातच न्हाई. चुकणार कसं?" तरी सगळी वाट मी दशमीला हात लावला नाही.

टॅक्सीवाल्याच्या नाकासमोर पत्त्याचा कागद धरून मैदानावर पोचलो. माझ्या डोळ्यांपुढं स्टेडियम होतं, गर्दी होती, त्या गर्दीत मी कुठं उभा राहणार याची धास्ती होती. तिथं एक हिरवा तुकडा, भोवती लोखंडी कठडा, आणि बघायला एक माणूस, त्याचा कुत्रा आणि मी. नोबडी कम्स म्हणजे खरंच कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूलाही नव्हतं.

ईराच्या गोलमागं जाऊन उभा राहिलो. मी कोण, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं मला एकदाच पुलावर ओझरतं पाहिलेलं, आणि आता मुलाच्या जाडजूड कोटात माझं फक्त नाक दिसत होतं. तिनं पहिला चेंडू अडवला तेव्हा मला राहवलं नाही. "शाब्बास!" म्हणून असा ओरडलो की कुत्रं भुंकायला लागलं. कुणी हळू बोला म्हणालं नाही.

मग गोल झाला. तिच्या हाताखालून गेला, तिची चूक होती. ती जाळीतून चेंडू काढायला वाकली आणि तशीच राहिली, उठेना. माझ्या जिभेवर नाही नाही ते आलं. काळजी नको पोरी, पुढचा अडव, काय काय. गिरणीत असतो तर बोललो असतो. ओठ मिटले आणि खाकरलो. पोटातून.

तिची पाठ सरळ झाली. वळली नाही. हातमोज्याचा हात कानाच्या उंचीला उचलला, खाली घेतला आणि चेंडू मधल्या रेषेकडं लाथाडला.

संध्याकाळी मुलाच्या घरून कोल्हापूरला फोन लावला. तिकडं झोपायची वेळ झाली असणार, पण पहिल्या घंटीला उचलला.

"किती खाल्लं?"

"तीन."

"खाकरला काय?"

"तिन्ही खेपेला."

"मग झालं," गोली म्हणाला. कोण जिंकलं ते त्यानं विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. फलटण-कोल्हापूर काही फार लांब नाही, पण दोघांच्याही गुडघ्यांनी ते लांब केलं. दिवाळीच्या आधी गिरणीवर फोन आला, परदेशचा नंबर. ईरा होती. ग्रोनिंगनला गोलमागं मी होतो हे आजोबांनी तिला केव्हाच सांगितलेलं, माझा नंबरही दिलेला. पट्टा चालू होता, मी ओरडून बंद करायला लावला. ती मराठीत बोलत होती. एकेक शब्द शोधून, मोडका, पण मराठीत. "आजोबा... गेले. काल." आणि पुढं तिचा श्वास नुसता ऐकू यायला लागला.

एवढा मोठा माझा आवाज, बाजार वळून बघतो असा. तो कुठं गेला कोण जाणे. पिठानं माखलेला फोन कानाला तसाच दाबून धरला आणि खाकरलो.

मग तिकडूनही तसाच आवाज आला. बारीक, पण पोटातून.